दोन भोकांच्या मधला डोंगर

सुखदेव,

अकोल्याहून परत येऊन नऊ दिवस झाले. शाळा सुरू आहे. आठवीला त्रैराशिक चाललं आहे. मी फळ्यावर गणित लिहितो, पुसतो, पुन्हा लिहितो. घरी येऊन चपला काढतो आणि ओट्यावर तसाच बसून राहतो. काल आमच्या हिनं विचारलं, ताप आहे का. ताप नाही. नुसता थकवा आहे, आणि तो झोपेनं जात नाही.

तू गेल्यावर पुण्यानुमोदन झालं, त्या दिवशी लोक तुझ्याबद्दल जे जे बोलले ते मी ऐकलं. नोकरी किती इमानानं केली, वस्तीत वाचनालयासाठी खोली कशी मिळवली, पोरींना शाळेत घालायला घरोघरी कसा फिरलास. सगळं खरं होतं. मलाही बोलायला सांगितलं. मी उठलो आणि "आम्ही शाळेत एका बाकावर बसायचो" एवढंच बोलून खाली बसलो. लोकांना वाटलं, गहिवरून आलं असेल. तसं काही नव्हतं. जे बोलायचं होतं ते शांतावहिनींच्या समोर, त्या मांडवात, बोलायची माझी हिंमत झाली नाही. म्हणून हे लिहितो आहे.

आपण एका बाकावर कसे आलो ते आता नीट आठवतही नाही. तू भातकुलीचा, वसतिगृहात राहणारा. मी चांदूर बाजारच्या माळ्याचा, शिक्षणासाठी अंबापेठेत मामाकडे ठेवलेला. गणितात मी पुढे, बाकी सगळ्यात तू. मॅट्रिकनंतर मी कॉलेजात गेलो. तुझे मार्क कमी नव्हते, पण वडील गेले आणि धाकटे तिघं तुझ्या गळ्यात आले. तू सरकारी ड्रिलिंग कॅम्पात लागलास, नागपूरच्या पलीकडे, मँगनीजच्या पट्ट्यात. सुट्टीवर आलास की नखांत काळी भुकटी असायची, कितीही घासली तरी न जाणारी.

तुझं काम तू मला एकदा ओट्यावर खडूनं चित्र काढून समजावलं होतंस. ड्रिल जमिनीत उतरतं आणि पोकळ नळीतून खालच्या खडकाची कांडी वर येते. तिला साहेब लोक कोअर म्हणतात. त्या कांड्या लाकडी पेट्यांत ओळीनं मांडायच्या, कुठली किती फुटांवरची ते लिहायचं. पेटी पाहिली की जमिनीखाली काय आहे ते कळतं. "साहेब कागद पाह्यते, मी गोटा पाह्यतो," तू म्हणाला होतास. मी हसलो होतो. तेव्हा मला ते साध्या माणसाचं बोलणं वाटलं.

छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन तू भातकुलीला घरी जाताना आमच्याकडे उतरलास. पांढरे कपडे प्रवासात मळले होते. आईनं चहा दिला. एरवी तू चहा झाला की कप मोरीत नेऊन धुवायचास, पालथा घालायचास. वर्षानुवर्षं हेच चालत आलेलं, आणि मी तुझा मित्र म्हणवून घेत ते पाहत आलेलो. त्या दिवशी तू कप ठेवलास तसाच आणि बोलत राहिलास. आईनं थोडा वेळ वाट पाहिली, मग तो उचलून नेला. तू गेल्यावर आई एवढंच म्हणाली, "पोरगं बदललं." बदलायची पाळी खरं तर आमची होती.

त्यानंतर दहा-अकरा वर्षं गेली. खोकल्यामुळे तू कॅम्प सोडून अकोल्याला कचेरीत कारकून झालास, अकोट फैलात घर केलंस. मी इथंच, आपण शिकलो त्या गावात, हायस्कूलला गणित शिकवत होतो. आणि एका दुपारी, मधल्या सुट्टीत, आमच्या शिक्षकांच्या खोलीत तो एजंट आला.

त्याची कंपनी सौसरच्या पुढे एका डोंगरात मँगनीज शोधत होती आणि शेअर विकत होती. त्याच्याजवळ गुळगुळीत कागदाची इंग्रजी पुस्तिका होती आणि तिच्यात घडी घातलेला एक लांबरुंद तक्ता. मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक गणकयंत्रावर काढलेला. आख्खा डोंगर उभा-आडवा कापून त्याचे चौकोनी खोके पाडलेले, आणि प्रत्येक खोक्यात किती टक्के मँगनीज आहे त्याचा आकडा. रांगेनं आकडे, पानभर आकडे. मी तो तक्ता टेबलावर पसरला आणि सुखदेव, खरं सांगतो, माझा डबा खायचा राहून गेला. आयुष्यभर मी पोरांना शिकवत आलो की गणितानं न दिसणाऱ्या गोष्टी काढता येतात. इथं कोणीतरी न खणता डोंगराचं पोट उघडून ठेवलं होतं.

सहा शिक्षक माझ्या तोंडाकडे पाहत होते. चित्रकलेचे काळमेघ सर म्हणाले, "सर, आमाले तं यातलं ठो कळत नाई. तुमी सांगा. तुमी हो म्हटलं तं घेतो." त्यांना मुलीला नर्सिंग शिकायला नागपूरला पाठवायचं होतं. ते त्या आशेनं विचारत होते.

मी तुला कार्ड टाकलं. तू उलट टपाली लिहिलंस, "कागद पाहून सांगता येत नाही. पेट्या पाहायला जाऊ."

आपण गेलो. वरूडपर्यंत एसटी, तिथून पांढुर्णा, पुढे कंपनीची जीप. एजंटानं उत्साहानं सोय केली होती, कारण गणिताचा मास्तर स्वतः पाहायला येतो आहे म्हणजे सौदा झालाच असं त्याला वाटत होतं. तुझी ओळख मी "माझे मित्र" एवढीच करून दिली. तू काय काम केलं होतंस ते मुद्दाम सांगितलं नाही. का, ते मला अजून नीट कळलेलं नाही. कदाचित तिथं मीच मोठा दिसावा असं मला वाटत होतं.

डोंगरावर एक चष्मेवाला तरुण भूशास्त्रज्ञ होता. बोलायला सरळ. त्यानं आपल्याला सगळं दाखवलं, काही लपवलं नाही. मी त्याला यंत्राबद्दल विचारत होतो, खोक्यांचं माप किती, आकडे कसे भरले. तू मात्र पत्र्याच्या शेडमध्ये शिरून पेट्यांजवळ उकिडवा बसला होतास. एकेक कांडी उचलून, बोटानं चोळून, परत जागच्या जागी ठेवत होतास. दीडेक तास.

मग तू त्या मुलाला विचारलंस, "ड्रिल दहा फूट गेलं अन् कांडी चारच फूट आली. बाकीचं सहा फूट कुठी गेलं?"

तो म्हणाला, "दगड मऊ होता. ड्रिलच्या पाण्याबरोबर वाहून गेला."

"अन् यंत्राले काय सांगतलं? चार फूट का दहा फूट?"

त्या मुलानं चष्मा काढून पुसला. म्हणाला, मुंबईला पाठवलेल्या तक्त्यात दहा फूट धरले आहेत, हाती आलेल्या चार फुटांच्या टक्केवारीनं. तशी पद्धत आहे. तू मान हलवलीस, रागावला नाहीस. मऊ होतं ते साधा दगड असेल, माती असेल, वाहून गेलं. कडक होतं ते मँगनीज, तेवढं राहिलं. आणि राहिलेल्याच्या जोरावर सगळे दहा फूट मँगनीजचे झाले. हे तू मला नंतर समजावलंस. तिथं माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर पांढुर्ण्याच्या स्टँडवर एक बाई काकड्या विकत होती. तू एक घेतलीस आणि तिच्याकडूनच चाकू मागून घेतलास. एक काप सरळ काढलास, दुसरा तिरपा. तिरपा काप लांबलचक आला. "काकडी तेवढीच हाय," तू म्हणालास. "थर डोंगरात तिरपा हाय अन् ह्यायनं भोकं सरळ खाली पाडली. मंग थर जाड दिसनारच." मी हातात तो काप धरून उभा राहिलो. कोनाचं हे गणित मी दरवर्षी दहावीला शिकवतो. ते मला काकडीत दिसावं लागलं आणि दाखवणारा तू होतास, याची मला लाज वाटली. लाज वाटली की माणूस हुज्जत घालतो. मी घातली.

"ठीक आहे, जाडी कमी धर," मी म्हणालो. "पण अकरा भोकांत मँगनीज लागलं आहे. दोन ठिकाणची किंमत माहीत असली की मधली काढता येते. यंत्रानं तेच केलं."

"नऊ भोकं एका टेकाडावर हायेत, जिथं मँगनीज वरूनच दिसते. दोन भोकं पार तिकडं, नाल्यापाशी. मधल्या एवढ्या डोंगरात काय हाय ते यंत्राले कोनं सांगतलं?"

"गणितानं."

"डोंगर तुह्या वहीतली रेघ नोहे, मधू. तो मधात वाकते, तुटते. यंत्र खोटं नाई बोलत. त्याले जे चारलं ते त्यानं दळून देल्लं."

गाडी सुटायला अवकाश होता. तू बाकावर बसलास, खोकलास, आणि मग मला ते सांगितलंस जे तू कोणालाच सांगितलं नव्हतंस. शांतावहिनींनाही नाही.

कॅम्पात लागून तुला वर्षही झालं नव्हतं. पेट्या बैलगाडीनं कॅम्पाच्या मुख्य ठाण्यावर न्यायच्या होत्या. नाल्यात चाक कलंडलं आणि दोन पेट्या उपड्या झाल्या. कांड्या पाण्यात विखुरल्या. गाडीवान आणि तू, दोघंच होतात. तू एकेक कांडी वेचलीस, धुतलीस, आणि अंदाजानं पेटीत परत लावलीस. काळी दिसली ती इथं, राखाडी दिसली ती तिथं. ठाण्यावर कोणाला बोलला नाहीस. त्या कॅम्पात तुमच्यातला तू एकटा होतास. गेली असती ती नुसती तुझी नोकरी नव्हती. 'यांना काम दिलं की असं होतं' हे तुझ्यामागून येणाऱ्या प्रत्येकाला ऐकावं लागलं असतं. तुझ्या पेट्यांवरून साहेबानं नकाशा केला आणि नकाशावरून थर गाठायला एक विहीर खणायला घेतली. ज्या खोलीवर थर असायला हवा होता तिथं नव्हता. म्हणून आणखी खणली. माणसं आठ महिने खणत राहिली, उन्हाळाभर, सुरुंग लावून. काही लागलं नाही. साहेब म्हणाले, जमीन अशीच असते.

"मी रोज त्यायले खाली उतरताना पाहो," तू म्हणालास. "एकाची दोन बोटं गेली. मी सांगतलं असतं तं गेली नसती." मग म्हणालास, "म्हनून मी पेटी पाह्यल्याबिगर कोनाचं काई मानत नाई. माह्यं बी नाई."

मी काय बोललो? मला वाटतं मी म्हणालो, "फार जुनी गोष्ट आहे." गाडीत बसल्यावर तू खिडकीबाहेर पाहत राहिलास. वरूडपर्यंत आपण बोललो नाही, पण ते न बोलणं चांगलं होतं. इतक्या वर्षांत मी तुझ्या इतका जवळ कधी नव्हतो.

आणि पंधरा दिवसांनी मी ते वापरलं.

शिक्षकांसाठी मी मराठीत एक पान तयार केलं होतं, पुस्तिकेचा गोषवारा. तू रविवारी आलास. शिक्षकांच्या खोलीत सगळे जमले होते. तू ते पान वाचलंस आणि इंग्रजी पुस्तिका उघडून एका ओळीवर बोट ठेवलंस. तिथं साठ्याच्या आकड्याआधी बारीक अक्षरांत एक शब्द होता, ज्याचा अर्थ 'संभाव्य'. म्हणजे सिद्ध न झालेला.

"मधू, इथं एक शब्द राह्यला."

"वाक्य जड होत होतं," मी म्हणालो.

"होऊ दे ना जड."

एवढंच. आवाज न चढवता बोललास. पण सहा माणसं माझ्याकडे पाहत होती आणि काळमेघ सरांनी भुवया वर केल्या. मला तो शब्द त्यात घालता आला असता. एक पेन्सिल, एक शब्द. त्याऐवजी मी सगळ्यांकडे वळलो आणि म्हणालो, "याला सगळीकडे खोट दिसते, कारण यानं स्वतः कॅम्पात पेट्या उलटसुलट लावून सरकारला फसवलं आहे. यानंच मला सांगितलं."

मागून कोणीतरी हळू आवाजात काहीतरी बोललं, तुझ्या जातीवरून. मी ऐकलं. ऐकलं नाही असं केलं.

तू उठलास. तुझा चेहरा मला नीट आठवतो, आणि त्यात राग नव्हता, हेच अवघड जातं. तू त्यांना म्हणालास, "खरं हाय. माह्या हातानं झालं ते. म्हनूनच सांगून राह्यलो." पुस्तिका मिटून टेबलावर ठेवलीस आणि बाहेर पडलास. मी दारापर्यंतही आलो नाही. तू बाहेर पडल्यावर दार लोटलं गेलं. लोटणारे काळमेघ सर होते.

सगळ्यांनी शेअर घेतले. मीही घेतले. पुढच्या वर्षी कंपनीनं मधल्या डोंगरात भोकं पाडली. साठ्याचा आकडा कापत कापत चौथ्या हिश्शाच्या खाली आला, काम थांबलं, एजंट फिरकेनासा झाला. काळमेघ सरांची मुलगी नर्सिंगला गेली नाही. ती आता इथल्याच एका दवाखान्यात केसपेपर लिहिते. सर माझ्याशी शाळेच्या कामापुरतं बोलतात. त्यांनी मला कधी बोल लावला नाही, आणि रोज समोरासमोर बसून डबा खाताना ते बोल न लावणं मी गिळतो.

मला वाटलं तू आता येणार नाहीस. पण कंपनीचं काम थांबल्यावर पाच-सहा महिन्यांनी, दिवाळीच्या सुट्टीत, तू आलास. जणू काही झालंच नव्हतं असं विचारलंस, "छत्री तलावाकडं येतं का?" आपण चालत गेलो. बांधावर बसलो. मी कंपनीला शिव्या देत होतो. चोर आहेत, ठरवून फसवलं.

"कोन चोर?" तू विचारलंस. "त्या पोरानं जसं हाय तसं दाखवलं. मुंबईवाल्यानं जे देल्लं त्याचा हिशेब केला. पुस्तिकेत शब्द होता. कोनीच खोटं नाई बोललं."

"मग सहा माणसं बुडाली कशी?"

"जो तो आपआपल्या कामापुरता खरा बोलला. मधात जे राह्यलं ते कोनी इचारलं नाई."

मी ते मानलं नाही. मला कोणीतरी गुन्हेगार हवा होता. आपण अंधार पडायच्या आत उठलो, पण भांडण तसंच अर्धवट राहिलं, पुढच्या दोन भेटींतही राहिलं. तू म्हणायचास, खोटं कोणी बोललं नाही. मी म्हणायचो, कोणीतरी बोललंच. आता तू नाहीस तेव्हा कबूल करतो. एक माणूस खोटं बोलला होता आणि तो मी. पुस्तिकेतला शब्द मराठीत येताना गळला तो माझ्या हातून. तुला हे माहीत होतं. बांधावर बसून तू 'कोनीच नाई' म्हणालास तेव्हा त्यात मला धरलं होतंस की मला वाचवत होतास? हे मी तुला विचारायला हवं होतं. दोन वर्षं होती माझ्याजवळ.

दवाखान्यात शेवटचा आलो तेव्हा मी ठरवून आलो होतो. बडनेऱ्यापासून मनात वाक्य घोळवत होतो. दुपारची वेळ, शांतावहिनी औषध आणायला गेल्या होत्या, वॉर्डात पंखा करकरत होता. डॉक्टर म्हणाले होते, छातीत बारीक धूळ बसली आहे, ती आता निघायची नाही. तू उशीला टेकून बसला होतास. हाताची हाडं दिसत होती, नखं मात्र स्वच्छ होती. ते माझ्या पहिल्यांदाच लक्षात आलं.

मी म्हणालो, "सुखदेव, त्या दिवशी शाळेत मी..."

तू हात वर केलास. मला वाटलं थांबवतो आहेस. तू फक्त खोकला येऊ देत होतास. तो गेल्यावर म्हणालास, "त्या मधल्या भोकात काय लागलं रे?"

"कुठल्या?"

"सौसरच्या. किती फुटावर बदललं? मले वाटते थर तिथं मुडपला असन. अन् नाल्याच्या पलीकडं तं काईच नसन. पाह्य, त्या चष्मेवाल्याले पत्र टाक. इचारजो."

मी हो म्हटलं. मग वहिनी आल्या, नर्स आली, आणि मी निघालो. तू म्हणालास, "येजो." मी म्हणालो, "पुढच्या रविवारी." रविवारच्या आधी तार आली.

पत्र मात्र मी टाकलं होतं, दवाखान्यातून परतल्यावर दुसऱ्याच दिवशी. उत्तर पुण्यानुमोदनानंतर दोन दिवसांनी आलं. तो मुलगा आता दुसरीकडे नोकरीला आहे, पण त्यानं त्याच्या वहीतून उतरवून सगळं पाठवलं आहे. ऐक. मधल्या भोकात वरचे काही फूट माती, मग चारेक फूट मँगनीज, आणि मग खाली नुसता अभ्रकाचा चकाकणारा दगड, शेवटपर्यंत. थर मुडपला आहे, तू म्हणालास तसाच. वाहून गेलेल्या सहा फुटांबद्दलही तुझंच बरोबर निघालं. नंतर त्यांनी ड्रिल बदलून पाहिलं तेव्हा त्या जागी मऊ, पिवळा, काही उपयोगाचा नसलेला दगड आला. त्यानं लिहिलं आहे, "आपल्या मित्रांनी शेडमध्ये विचारलेला प्रश्न मी त्यानंतर प्रत्येक कामात आधी विचारतो. त्यांना माझा नमस्कार सांगावा."

पण नाल्याच्या पलीकडे तू चुकलास. तिथं मँगनीज आहे. फार नाही, खाणीइतकं नाही, पण आहे. यंत्रानं तिथं जे आकडे भरले होते ते जवळपास बरोबर निघाले. पत्र वाचताना मी तिथं थांबलो आणि इतका आनंद झाला मला, लहानपणी तुला बुद्धिबळात हरवल्यावर व्हायचा तसा. 'पाहा, चुकलास' असं म्हणायला मी खुर्चीतून अर्धा उठलोही. मग बसलो. तू वाद घातला असतास. काप सरळ का तिरपा, कांडी किती आली, पेटी पाहिल्याशिवाय मानत नाही. आपण एक आख्खा रविवार त्यावर काढला असता.

ते पत्र घेऊन मी काल शाळेत गेलो. मधल्या सुट्टीत सगळे होते. दोघं बदलून गेले, बाकीचे तेच. मी उभा राहिलो. मी सांगितलं की तुमच्यासाठी गोषवारा लिहिताना 'संभाव्य' हा शब्द मी गाळला होता, सुखदेवनं तो दाखवला होता, आणि मला उत्तर देता येईना म्हणून मी त्याची विश्वासानं सांगितलेली गोष्ट तुमच्यासमोर उघडी केली. ती गोष्ट अर्धीच सांगितली. गाडी उलटली होती, तो वीस वर्षांचा होता, आणि तो घाबरला होता, हे सांगितलं नाही. मागून जे बोललं गेलं ते मी ऐकलं होतं, हेही सांगितलं.

काळमेघ सरांनी डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाले, "हे तो असताना सांगतलं असतं तं मी अकोल्याले जाऊन आलो असतो, सर. दार म्या लोटलं होतं." त्यांच्या आवाजात माझ्यावर राग नव्हता. म्हातारा माणूस दमतो तसे दमलेले होते. घंटा झाली. आम्ही आपापल्या वर्गावर गेलो.

शांतावहिनींना अजून सांगायचं आहे. येत्या रविवारी जाणार आहे, या वेळेस खरोखर. पेट्यांची गोष्ट तू त्यांना कधी सांगितली नव्हतीस, आणि आता ती सहा परक्या माणसांना माहीत आहे आणि त्यांना नाही. ते माझ्यामुळे. त्या ऐकतील की दार लावून घेतील, मला ठाऊक नाही. दोन्ही त्यांचा हक्क आहे.

तुझ्याकडे मी माफी मागत नाही, सुखदेव. तू असतास तर मला वाक्य पुरं करू न देता डोंगराचं काहीतरी विचारलं असतंस, आणि मी सुटलो असतो. तसा मी तुझ्या हयातीत पुष्कळदा सुटलो. आता मला सुटायचं नाही.